आधी गोष्ट, मग स्लाइड: पहिल्यांदा प्रेझेंटेशन देणाऱ्यांसाठी

माझं पहिलं महत्त्वाचं प्रेझेंटेशन १५ मिनिटांचं होतं आणि त्यात ३४ स्लाइड होत्या. रुग्णालयात आलेल्या माणसाला तीच माहिती प्रत्येक खिडकीवर नव्यानं लिहून द्यावी लागते, ते बंद करून सगळीकडे एकच अर्ज चालवावा, अशी आमच्या गटाची सूचना होती. आकडे तपासलेले होते, तक्ते नीट होते. ते सगळं मी पडद्याकडे बघत वाचून दाखवलं. शेवटी ‘कोणाला काही विचारायचंय का?’ म्हटल्यावर कोणीच काही बोललं नाही, आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

सहा आठवड्यांनी तीच सूचना त्याच लोकांपुढे पुन्हा मांडायची होती. या वेळी माझ्याकडे ७ स्लाइड होत्या आणि सुरुवात एका आजींच्या गोष्टीनं होती. बोलणं संपायच्या आधीच लोक पुढे सरकून बसले होते. एका विभागात हा अर्ज चालवून बघायला त्याच दिवशी परवानगी मिळाली. माहिती दोन्ही वेळी एकच होती. मधल्या सहा आठवड्यांत मी काय केलं, ते इथं क्रमानं लिहिते आहे. तुम्हाला ते १० दिवसांत करता येईल.

आधी हे जमवून ठेवा

- तळहातावर मावतील असे जाड कागदाचे १०-१२ तुकडे आणि पेन
- आवाज रेकॉर्ड करता येईल असा मोबाइल, आणि त्यातला टायमर
- तुमच्या विषयातलं काही माहीत नसलेला एक माणूस, जो दोनदा शांतपणे ऐकून घेईल
- गोष्ट दुसऱ्या कोणाची असेल, तर त्या माणसाची परवानगी
- किमान १० दिवस. तीनच दिवस हातात असतील तर स्लाइड कमी करा, तालीम कमी करू नका.

१. एक वाक्य लिहा

पहिल्या कागदावर या प्रश्नाचं उत्तर लिहा: माझं ऐकून बाहेर पडलेला माणूस उद्या कोणती गोष्ट वेगळी करेल?

‘रुग्णनोंदणीची सद्यस्थिती आणि आव्हानं’ हे उत्तर होत नाही, तो मथळा झाला. माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनचं नेमकं तेच नाव होतं. दुसऱ्या वेळी मी लिहिलं, ‘एका विभागात महिनाभर एकच अर्ज चालवून बघायला या मंडळींनी हो म्हणावं.’ प्रेरणा या शब्दाचा मूळ अर्थच चालना देणं असा आहे. ऐकणाऱ्यानं कुठल्या दिशेला हलायचं हे बोलणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर कितीही ओघवतं बोलून चालना मिळत नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. तुम्हालाही वेळ लागला तर लागू द्या. पुढे काय ठेवायचं आणि काय गाळायचं, याचा प्रत्येक निर्णय याच वाक्याला विचारून घ्यायचा आहे.

२. गोष्ट शोधा

‘माझ्या विषयात गोष्ट कुठली असणार?’ असं बहुतेकांना वाटतं. हे तीन प्रश्न स्वतःला विचारून बघा, आणि प्रत्येकाखाली पाच-सहा ओळी न थांबता लिहा.

- हा विषय मला पहिल्यांदा कधी टोचला? त्या वेळी मी कुठे उभी होते, समोर कोण होतं?
- यामुळे कोणाचं काम अडलं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं का?
- आधी माझी काय समजूत होती, आणि ती कशामुळे बदलली?

तिसऱ्या प्रश्नात फार मोठा खजिना आहे. विषय आकडेवारीचा किंवा निव्वळ तांत्रिक असला, तरी ‘आम्हाला असं वाटत होतं, मग एक दिवस हे दिसलं आणि मोजणी पुन्हा करावी लागली’ ही शोधाची गोष्ट तिथेही असतेच.

इथे नवखी माणसं तीन ठिकाणी अडकतात.

पहिलं, उसनी गोष्ट. हजार वेळा अपयश येऊनही न थांबलेल्या थोर माणसाची गोष्ट समोरच्यांनी अनेकदा ऐकलेली असते, आणि ती खरी आहे की नाही हे तुम्हालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. स्वतः पाहिलेला साधा प्रसंग तिच्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतो.

दुसरं, स्वतःलाच नायक करणं. ‘मग मी हे केलं, मग मी ते केलं’ असं ऐकताना लोक मान डोलावतात, पण त्या गोष्टीत स्वतःला ठेवून बघू शकत नाहीत. तुम्ही बघणारे किंवा शिकणारे राहा.

तिसरं सगळ्यांत गंभीर आहे. दुसऱ्याचं दुःख त्याला न विचारता व्यासपीठावर नेणं. परवानगी घ्या. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलणार असाल, तर ‘ओळख बदलली आहे’ असं एका वाक्यात श्रोत्यांना सांगून टाका. आणि पदरचं काही घालू नका. गोष्ट फिकी वाटली तर दुसरी शोधा, पण तिला रंग चढवू नका. एक तपशील खोटा निघाला की तुमच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

३. गोष्ट पाच कागदांवर मांडा

पाच कागद घ्या आणि प्रत्येकावर एकच ओळ लिहा: माणूस कोण, त्याला काय हवंय, काय आडवं येतं, कुठल्या क्षणी सगळं बदलतं, आणि त्यानंतर काय वेगळं दिसतं. माझे कागद असे होते:

- गुडघेदुखीसाठी आलेल्या एक आजी, सोबत मुलगी.
- त्यांना फक्त डॉक्टरांना भेटायचंय.
- त्याआधी पाच खिडक्या. प्रत्येकीवर तेच नाव, तेच वय, तीच औषधं.
- चौथ्या खिडकीवर विचारायच्या आतच आजींनी सगळं घडाघडा सांगून टाकलं. पाचवीवर त्या इतक्या दमल्या होत्या, की आपल्याला न चालणाऱ्या गोळीचं नाव सांगायचं राहिलं. मागून मुलीनं सांगितलं म्हणून ते लिहिलं गेलं.
- तोवर मला हा प्रकार नुसता त्रासाचा वाटत होता. त्या दिवशी कळलं, की हा धोका आहे.

शेवटचा कागद बघा. माझी समजूत बदलली तोच क्षण ऐकणाऱ्यांचीही समजूत बदलतो, आणि तो थेट पायरी १ मधल्या वाक्याकडे नेतो. पाचवा कागद त्या वाक्याकडे जात नसेल, तर गोष्ट कितीही गोड असली तरी ती या प्रेझेंटेशनची नाही. बाजूला ठेवा, पुढे कधीतरी उपयोगी पडेल.

आता सुरुवात. आपल्याकडे लोक नमनालाच घडाभर तेल घालतात: स्वतःची ओळख, संस्थेची ओळख, विषयाचं महत्त्व, आजच्या बोलण्याचे टप्पे. पहिल्या अर्ध्या मिनिटात लोक सगळ्यांत जास्त लक्ष देत असतात आणि तेच यात निघून जातं. प्रसंगातूनच सुरू करा. माझी पहिली दोन वाक्यं अशी होती: ‘चौथ्या खिडकीवरच्या माणसानं अजून मान वरही केली नव्हती, आणि आजींनी नाव, वय, पत्ता, औषधं सगळं एका दमात सांगून टाकलं. मग म्हणाल्या, आता पाठ झालंय मला.’ माझं नाव मी त्यानंतर सांगितलं.

तपशील मोजके पण डोळ्यांना दिसणारे निवडा. ‘खूप गर्दी होती’ यातून चित्र उभं राहत नाही. ‘बसायला जागा नव्हती म्हणून आजी खिडकीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या’ यातून राहतं. असे दोन-तीन तपशील पुरेत. त्याहून जास्त झाले की पाल्हाळ होतो. १५ मिनिटांच्या बोलण्यात मुख्य गोष्टीला दीड ते दोन मिनिटं द्या.

गोष्टीनं लक्षात राहतं, हे मोजूनही पाहिलेलं आहे. १९६९ मध्ये गॉर्डन बॉवर आणि मायकेल क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना १० शब्दांच्या १२ याद्या दिल्या. एका गटानं प्रत्येक यादीतले शब्द गोष्टीत ओवले, दुसऱ्यानं ते नुसते पाठ केले. शेवटी सगळ्या याद्या विचारल्या तेव्हा गोष्टवाल्यांना सरासरी ९३ टक्के शब्द आठवले आणि दुसऱ्या गटाला १३ टक्के. तुमचे मुद्दे लोकांनी घरी न्यावेत असं वाटत असेल, तर त्यांना ओवायला धागा द्या.

मग आकड्यांचं काय करायचं? ते हवेतच, फक्त त्यांची जागा बदला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांना दिसलं, की उपासमारीची आकडेवारी वाचलेल्यांपेक्षा एकाच मुलीची हकीकत वाचलेल्यांनी जास्त मदत दिली. त्या मुलीच्या हकीकतीला आकडेवारी जोडली तेव्हा मदत पुन्हा घटली. तो अभ्यास देणग्यांचा होता, पण त्यावरून मी स्वतःसाठी एक शिस्त ठरवली. गोष्ट पूर्ण होऊ द्यायची, दोन श्वास थांबायचं, आणि मगच एक आकडा द्यायचा, जो सांगेल की अशा आजी किती आहेत. गोष्टीच्या मध्ये आकडा घुसवायचा नाही.

कधी कधी एखादी वस्तूच सगळं सांगते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. चौकशी आयोगात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत लवचिक राहते का, हा कळीचा प्रश्न होता. ११ फेब्रुवारीच्या जाहीर सुनावणीत त्यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात ठेवला, बाहेर काढून चिमटा सैल केला आणि दाखवलं की रबर लगेच मूळ आकारात येत नाही. तांत्रिक अहवालांचे गठ्ठे पडलेले असताना लोकांच्या लक्षात राहिला तो ग्लास. मी दुसऱ्या वेळी पाचही कोरे अर्ज एकाखाली एक चिकटवून नेले आणि ती लांब पट्टी टेबलावर उलगडली. तुमच्या विषयात हातात धरता येईल असं काय आहे, ते बघा.

शेवटी पुन्हा त्याच माणसाकडे या. एकच अर्ज असता तर आजींची ती सकाळ कशी गेली असती, हे तीन वाक्यांत सांगा, आणि लगेच पायरी १ मधलं वाक्य स्पष्ट शब्दांत मागा.

४. स्लाइड आत्ता करा

एका स्लाइडवर एकच चित्र किंवा एकच आकडा. जे तुम्ही तोंडानं सांगणार आहात, ते पडद्यावर लिहू नका. लोक वाचत असतात तेव्हा ऐकत नाहीत. गोष्ट सांगताना पडदा कोरा ठेवता येतो. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड-शो चालू असताना ‘बी’ दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. सविस्तर तक्ते वेगळ्या कागदावर छापून शेवटी वाटा.

५. तालीम तोंडानं करा

सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यांत जास्त टाळाटाळही इथेच होते. मनातल्या मनात स्लाइड चाळणं म्हणजे तालीम नव्हे. मनात आपण कधीच अडखळत नाही, कारण मनात वाक्यं पूर्ण करावीच लागत नाहीत. मी पहिल्या प्रेझेंटेशनआधी फाइल वीसेक वेळा वाचली होती, मोठ्यानं एकदाही बोलले नव्हते. त्या वेळी हा फरक मला कोणी सांगितला असता तर फार बरं झालं असतं.

२००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी दाखवलं, की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवतं, पण आठवड्यानं बघितलं तर मजकूर बंद करून आठवून पाहणारे पुढे जातात. म्हणून कागद उलटा ठेवा आणि बोला. अडलात तर थोडं थांबा, आठवायचा प्रयत्न करा, आणि मगच कागद बघा.

दहा दिवसांचा क्रम असा ठेवा:

दिवस १ ते ३: वाक्य, गोष्ट, पाच कागद.

दिवस ४: उभं राहून, स्लाइडशिवाय, पहिल्यापासून शेवटपर्यंत बोला. वाईटच होईल, पण मध्ये थांबून पहिल्यापासून सुरू करू नका. अडखळलात की परत सुरुवात करायची सवय लागली, तर सुरुवात तोंडात बसते आणि शेवट कच्चा राहतो.

दिवस ५: रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज परका वाटतो, कारण एरवी तो आपल्याला डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येत असतो. पहिल्यांदा ऐकताना फक्त एवढंच लिहा: माझं लक्ष कुठे उडालं? तो भाग कापा. दुसऱ्यांदा ऐकताना वेळ बघा. दिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी संपलं पाहिजे, कारण प्रत्यक्षात थांबे वाढतात.

दिवस ६: त्या बाहेरच्या माणसाला ऐकवा. विषयातला माणूस इथे उपयोगाचा नाही. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि समोरच्यांना गाणं ओळखायला सांगितलं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. तुमच्या विषयाची चाल तुमच्या डोक्यात वर्षभर वाजते आहे, हे फक्त बाहेरचा माणूसच दाखवून देतो. त्याला ‘कसं झालं?’ विचारू नका, तो ‘छान’ म्हणेल. विचारा, ‘मी काय मागत होते? तुम्हाला काय दिसलं? कुठे हरवलात?’ माझ्या श्रोत्याला पहिल्यांदा वाटलं होतं की मी खिडक्यांवर जास्त माणसं नेमायला सांगते आहे. त्या एका उत्तरानं माझा शेवट पूर्ण बदलला.

दिवस ७: काही करू नका. मधल्या सुटीनं पाठ पक्कं होतं.

दिवस ८: फक्त पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट, पाच-पाच वेळा. हे दोन तुकडे शब्दशः तोंडपाठ हवेत. बाकीचं पाठ करू नका. पूर्ण घोकलेल्या बोलण्यात एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ सुटते. मधल्या भागाचा फक्त क्रम पक्का हवा, शब्द दर वेळी थोडे वेगळे येऊ द्या.

दिवस ९: रंगीत तालीम. तेच कपडे, तेच बूट, हातात रिमोट, पडदा चालू. शक्य असेल तर तीच खोली.

दिवस १०: सकाळी एकदा, अर्ध्या आवाजात. मग बस.

‘इतकी तालीम केली तर बोलणं कृत्रिम होईल’ असं मला अनेकांनी सांगितलं. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग लिहून आणलेलं भाषण वाचत होते. जवळच बसलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी ओरडून त्यांना स्वप्नाबद्दल सांगायला सुचवलं आणि किंग यांनी हातातला मजकूर सोडला. जगाला आठवतो तो भाग त्यानंतरचा. पण त्या स्वप्नाचे शब्द त्या दिवशी जन्मले नव्हते. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉकी माउंट इथे आणि १९६३ च्या जूनमध्ये डेट्रॉइटमध्येही त्यांनी ते बोलून दाखवले होते. आधी अनेकदा तोंडातून गेलेलं होतं, म्हणून ऐनवेळी कागद सोडता आला. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार नाही.

६. भीतीशी भांडू नका

हात थरथरतील, घसा कोरडा पडेल. दोन गोष्टी माहीत असू द्या.

एक, तुम्हाला आत जेवढं जाणवतं तेवढं बाहेर दिसत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांच्या २००३ च्या अभ्यासात ज्या वक्त्यांना ही गोष्ट आधीच समजावून सांगितली, त्यांचं बोलणं इतरांपेक्षा चांगलं झालं. म्हणून ‘माफ करा, मी जरा घाबरले आहे’ असं सुरुवातीला सांगू नका. सांगितलं की लोक ऐकायचं सोडून तुमचे हात बघायला लागतात.

दोन, ‘शांत हो’ असं स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मला उत्साह आलाय’ असं मोठ्यानं म्हणा. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत असं म्हणणाऱ्यांची भाषणं जास्त प्रभावी ठरली. धडधड तीच राहते, तिचं नाव बदलतं.

७. त्या दिवशी

अर्धा तास आधी पोहोचा. फाइल लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि ईमेलमध्ये ठेवा, शिवाय पीडीएफ प्रत असू द्या, कारण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर देवनागरी फॉन्ट हमखास मोडतात. प्रोजेक्टरला लागणारा ॲडॅप्टर स्वतःचा न्या. खोलीच्या शेवटच्या रांगेत जाऊन पडद्यावरचं वाचता येतं का, ते बघा. माइक असेल तर तुमचं पहिलं वाक्य त्यात बोलून पाहा.

उभं राहिल्यावर लगेच बोलू नका. पाय टेकवा, एक श्वास घ्या, एका चेहऱ्याकडे बघा आणि मग पहिलं वाक्य. एक वाक्य एका माणसाला, पुढचं दुसऱ्याला. मध्येच विसरलात तर शेवटचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणा. बहुतेक वेळा पुढचं त्याच्या मागोमाग येतं, आणि ऐकणाऱ्यांना तो मुद्दाम दिलेला जोर वाटतो. प्रोजेक्टर बंद पडला तर दुरुस्तीची वाट बघत ताटकळू नका, पाच कागद खिशात आहेतच. गोष्ट सांगायला वीज लागत नाही.

८. प्रश्न आणि त्यानंतर

येऊ शकणारे सगळ्यांत अवघड पाच प्रश्न आधीच लिहून काढा आणि त्यांचीही तोंडी तालीम करा. उत्तर माहीत नसेल तर ‘हे मला तपासावं लागेल, परवापर्यंत कळवते’ म्हणा आणि खरोखर कळवा. प्रश्न संपले की बोलणं तिथेच विरू देऊ नका. तुमचं मागणं पुन्हा एकदा, एका वाक्यात सांगून मगच बसा.

खोलीतून बाहेर पडल्यावर दहा मिनिटांच्या आत उरलेल्या कोऱ्या कागदावर तीन नोंदी करा: लोक कुठे पुढे सरकून बसले, कुठे मोबाइलकडे वळले, आणि कोणता प्रश्न दोनदा आला. रात्रीपर्यंत थांबलात तर त्यातलं निम्मं विसराल. दोनदा आलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या वेळी गोष्टीतच यायला हवं, त्यामुळे तो कागद त्या पाच कागदांबरोबर पिन लावून ठेवा.